डावखुरं पिस्तूल

पहिलेच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. विजय नगरला माझं दातांचं क्लिनिक आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा मारून बघतो आणि जे दिसतं तेवढंच मानतो. ह्या ग्रुपवर कुणी चकव्याचं, हडळीचं लिहिलं की "अरे भिया, पहिले झोप पुरी कर" अशी कमेंट टाकणाऱ्यांत मी एक नंबर. आता हसायची पाळी तुमची... हसा बापडे.

माझा शौक पिस्तुलांचा. सगळ्या नाही, फक्त उस्तादजींच्या. उस्तादजी म्हणजे आमच्या इंदूरचे जुने बंदूक-कारागीर, आता हयात नाहीत. तळहातात मावतील एवढी पिस्तुलं ते गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने बनवायचे. त्यांची तऱ्हाच वेगळी होती. गिऱ्हाइकाच्या हातात कोमट मेणाचा गोळा द्यायचे आणि म्हणायचे, "जिससे डर लगता है उसे सोचो, और कस के पकड़ो." मेणावर बोटं जशी रुतायची तशीच लाकडी मूठ कोरायचे. त्यामुळे ज्याची मूठ त्यालाच बसणार. आम्ही दातांचं माप घेतो ते ह्याहून काय वेगळं? म्हणून मला त्या माणसाचं भारी कौतुक. माझ्याकडे त्यांची चार-पाच पिस्तुलं आहेत. सगळी रीतसर निकामी केलेली, आतली पिन आणि स्प्रिंग काढलेली, कागद पक्के. पण एकही माझ्या हातात बसायचं नाही, कारण मी डावखुरा.

मग सांवेरच्या पुढे एका घरात उस्तादजींचं डाव्या हाताचं पिस्तूल आहे असं कळलं. माझी तर झोपच उडाली. ते विकणारा, मूळ मालकाचा नातू, जास्त बोलत नव्हता. एवढंच म्हणाला की दादाजी हे कधी घराबाहेर घेऊन गेले नाहीत, घरातच कमरेला लावून फिरायचे. घरात कशाला लागतं, असं मी विचारलं तर तो चहाचं बघायला आत निघून गेला.

निकामी करायला दिलेलं ते पिस्तूल नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी परत आलं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे घरात शस्त्रपूजा अजून चालते. म्हटलं, आधी पूजा, मग हात लावू. नवमीच्या सकाळी मागच्या खोलीत पाट मांडला, सगळी पिस्तुलं ठेवली, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत शस्त्र जागचं हलवायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. शुभा, माझी बायको, नैवेद्य आणायला स्वयंपाकघरात गेली. आणि मला काही धीर निघेना. मी उचललं... तेही डाव्या हाताने.

काय सांगू तुम्हाला! माझ्याच हाताचं माप घेऊन कोरल्यासारखी मूठ बसली. इतका खूश झालो की शुभाला दाखवायला उठलो. ती नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि रागावली, "अहो, ठेवा ते खाली." मी ठेवायला गेलो तर बोटं उघडेनात.

पहिले आम्ही हसलोच. तिने तेल लावलं, साबण लावला, एकेक बोट ओढून पाहिलं. जरा वेळाने माझं हसू गेलं, कारण हात आपोआप वर उठत होता. शुभा डावीकडे सरकली की नळी डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. आणि ज्या घोड्याला स्प्रिंगच नव्हती, पाटावर मांडताना जो खुळखुळ्यासारखा हलत होता, तो माझ्या बोटाखाली कडक लागत होता. मी तिला म्हटलं, बाहेर जा आणि बाहेरून कडी लाव, काही झालं तरी उघडू नकोस. माझा चेहरा बघून तिने मुकाट्याने कडी लावली. ओळखीच्या डॉक्टरांना फोन करते म्हणाली.

आता खोलीत मी एकटा. वाटलं, चला, निदान समोर कुणी नाही. पण हात थांबला नव्हता. तो भिंतीवरून हळूहळू सरकत होता. आधी हात सरकायचा आणि मग त्याच दिशेने शुभाच्या बांगड्या वाजायच्या. ती हॉलमध्ये गेली, पुन्हा स्वयंपाकघरात आली, हाताला सगळं कळत होतं. मी ओरडून सांगितलं, घराबाहेर जा, खाली जा. ती म्हणाली, तुम्हाला असं सोडून मी कुठेही जाणार नाही. मी हात गादीखाली दाबला, त्यावर बसलो, उजव्या हाताने मनगट आवळून धरलं. खांदा निखळेल असं वाटायचं आणि सोडावं लागायचं. स्वतःच्याच अंगात कोंडला गेल्यासारखा रडलो मी, खरंच रडलो.

तेवढ्यात हात दाराकडे वळून थांबला आणि कडी वाजली. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, पण गळ्यातून आवाजच निघेना. दार उघडून शुभा आत आली, चेहऱ्यावर केवढं हायसं वाटल्याचं हसू.

"आले हो, आले," ती म्हणाली. "सुटला ना हात?"

बोटाने घोडा ओढला. खट्ट असा आवाज झाला, बस्स. मूठ सैल पडली, पिस्तूल फरशीवर पडलं आणि मी पण तिथेच बसलो.

डॉक्टर म्हणाले, क्रॅम्प आहे, टेन्शन घेऊ नका. ठीक है, मान्य. पण क्रॅम्पला भिंतीपलीकडचं माणूस दिसतं का? पिस्तूल मी ज्याने निकामी केलं त्याच्याकडून पुन्हा उघडून घेतलं. आत काहीच नव्हतं, खट्ट वाजायला लागेल असंही काही नाही. ते मी त्या नातवाला परत करून आलो. त्याने का परत करताय म्हणून विचारलंसुद्धा नाही.

शुभा म्हणते, उत्तरपूजेआधी उचललंत, त्याचं हे फळ. असेलही. त्या संध्याकाळी तिने एकच विचारलं, "हात सुटला नव्हता, तर मला हाका का मारल्यात? शुभे, सुटला, ये, ये, असं किती वेळा..."

मी म्हटलं, घाबरलो होतो गं. तिला ते पटलं आणि तिने विषय सोडला. पण मी हाक मारली नव्हती. एकदाही नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता मी तिला घरात हाक मारत नाही. काही हवं असलं की उठतो, ती असेल तिथे जातो, तिने मला नीट बघितलं की मगच बोलतो.