मामाने बांधलेली भिंत

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच – तिचा तो सख्खा भाऊ होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडतोय. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझा धंदा प्लास्टिकच्या गवताचा. खेळायची मैदानं करून देतो – चंद्रपूर, बल्लारपूर, गडचांदूर, जिथं बोलावतील तिथं. जमीन सपाट करायची, मुरूम दाबायचा, त्यावर गिट्टी, वर बारीक चुरी, आणि मग गवताच्या गुंडाळ्या उलगडून सांधे चिकटवायचे. लोकांना गवत दिसतं. खालचं कोणी बघत नाही. मीही फारसा बघत नसे, खालचं बघायला मामा होता.

मामा आरमोरीकडचा, दगडाचा मिस्त्री. तलावांचे सांडवे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटा, बांधण्यात त्याची हयात गेली. आणि आमच्याकडे एक रीत आहे – मामा भाच्याच्या पाया पडतो. तुमच्याकडे कदाचित उलटं असेल. आमच्याकडे भाचा दारात आला की मामाने वाकायचं, मग भाचा शेंबडा का असेना. लहानपणी मला याची भारी मजा वाटायची. एवढा थोरला मिशाळ माणूस माझ्या धुळीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवायला यायचा, आणि मी पाय मागे घेऊन त्याला घरभर फिरवायचो.

तर गडचांदूरला एका डॉक्टरांचं घर आहे, टेकाडाच्या उतारावर. मागच्या परसात त्यांना मुलांसाठी जाळीचं मैदान हवं होतं. उतारावर सपाट मैदान करायचं म्हणजे खालच्या अंगाला डोक्याच्याही वर जाईल अशी भिंत घालायची आणि आत भराव टाकायचा. भिंत मामाने बांधली. दर हातभर अंतरावर त्याने तिच्यात एकेक नळी बसवली, भरावात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. मी म्हटलं, एवढ्या कशाला? तर हसला.

"पान्याले वाट नाई देल्ली त थे आपली वाट पाडते, बापू. तू ठेकेदार झाला, पानी काई तुहा नोकर नाई झालं."

काम उरकलं आणि मामा धानाच्या रोवणीसाठी गावी गेला. डॉक्टर वरच्या मैदानावर खूश होते. भिंतीच्या खालच्या बाजूला ते कधी उतरलेच नाहीत. ती बाजू रस्त्याकडे होती. येणारे-जाणारे ती पाहणार – म्हणून मी तिला पांढरा रंग दिला आणि मोठ्या निळ्या अक्षरांत माझं नाव लिहून घेतलं. नाव, खाली फोन नंबर. दोन सरी पडल्या आणि नळ्यांतून मुरमाचं तांबडं पाणी झिरपून माझ्या नावावर ओघळ आले. काय वाईट दिसत होतं ते! निदान मला तरी दिसत होतं.

आता इथं मी अडतो. कोणी मला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, कोणीच नाही. मजूर जेवायला गेले तेव्हा मी स्वतः सिमेंट कालवलं आणि एकेक नळी बुजवली, अंगठ्याने दाबून दाबून. वरून रंग मारला. मामाला विचारायला फोन हातात घेतला होता – नाही, हेही खोटंच. घेतला नव्हता. तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं ना?

श्रावणात तीन दिवस झड लागली. भिंतीला पोट आलं आणि चौथ्या दिवशी सकाळी ती बसली. गवत तेवढं फाटलं नाही, ओल्या सतरंजीसारखं कडेवरून लोंबत राहिलं. खाली कोणी नव्हतं, म्हणून कोणाला लागलं नाही.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. मामा मिळेल त्या एसटीने आला, पायांना चिखल तसाच. डॉक्टर ओरडत होते – पाणी निघायला भिंतीत काहीच कसं ठेवलं नाही? आणि मी म्हणालो, "मी मामाला सांगितलं होतं नळ्या ठेवायला. त्याने ठेवल्या नाहीत."

मामा माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. त्याच्या हातात भिंतीचा एक तुकडा होता, त्यात नळीचं तोंड, तोंडात सिमेंट, आणि वर माझ्या नावातलं निळं अर्धं अक्षर. त्याने त्या सिमेंटवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा पालथा करून खाली ठेवला.

"हो साहेब," तो म्हणाला. "बुढापा आला. इसरून गेलो."

ते वाक्य मला खोडता आलं असतं. तिथंच, त्या क्षणी. मी रुमालाने चष्मा पुसत बसलो.

मग काय व्हायचं ते झालं. अशा गोष्टी आरमोरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मामाला पुन्हा कोणी भिंतीला बोलावलं नाही. त्याच्याच गावच्या तलावाचा सांडवा फुटला, तर तो दुरुस्त करायला दुसरा मिस्त्री आणला. मामा म्हणे रोज तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसायचा, काम बघत. एकदा त्याने काही सुचवलं, तर पोरंसोरं हसली. माझं मात्र बरं चाललं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशातली गत.

त्या भाऊबिजेला तो आईकडे ओवाळून घ्यायला आला. मला वाटलं होतं, या वर्षी नाही. पण दारातच वाकला, नेहमीसारखा, आणि दोन्ही हातांनी माझे पाय धरले. आई कौतुकाने हसत होती. पाय मागे घ्यायची माझी सवय कुठं गेली होती? त्यानंतरही दर वर्षी तो वाकला. मी दर वर्षी उभा राहिलो.

गेल्या थंडीत त्याने खाट धरली. मी भेटायला गेलो. त्यानंतर आठवड्याने तो गेला. भेटायला गेलो त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कोणती? त्याला उठता येत नव्हतं. "जवळ ये ना, बापू," म्हणाला, आणि खाटेवरून हात खाली सोडला. हात अधांतरी राहिला, चाचपत.

तो पोचावा म्हणून मी पाय थोडा पुढे केला.