नापास कोण झालं?

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो, तेव्हा मी शाळेत होते. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे आणि हिवाळ्यात पहाटे पत्र्याला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. वडलांच्या अंगावर भिंत पडली होती. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. ते बाजेवर पडून दारातून येणारे-जाणारे बघत. नव्या गावठाणात घरांची बांधकामं निघाली, तिथं माय सिमेंटची घमेली उचलायला जायची. संध्याकाळी आली की हाताच्या भेगांत खोबरेल तेल भरत म्हणायची, "तू वाच गं. मी ऐकते." तिला वाचता येत नव्हतं. पण मी वाचता वाचता थांबले, तर ते तिला झोपेतही कळायचं.

तेव्हा शेडवर बाहेरची माणसं लई यायची. कोणी कपडे वाटायला, कोणी नावं लिहून घ्यायला. एकदा फोटो काढणारे आले. घर देण्यासाठी एकेका कुटुंबाला शेडसमोर उभं करायचे, घरातल्या बाईच्या हातात पाटी, पाटीवर खडूनं नंबर. वडलांना बाजेसकट उचलून बाहेर आणलं. मायनं पाटी छातीशी धरली, माझी वेणी पुढं घेतली आणि म्हणाली, "हलू नको. नीट समोर बघ." पुढं त्या फोटोवर आम्हाला खरोखर घर मिळालं. तेव्हापासून मायच्या डोक्यात पक्कं बसलं, की बाहेरचा माणूस हातात पाटी देऊन फोटो काढतो, म्हणजे आपल्याला काहीतरी मिळणार. हे आधीच सांगते, कारण पुढं आम्ही फसायला निघालो ते ह्याच पाटीमुळं.

दहावीनंतर मी लातूरला आले. क्लासचं पेव फुटलं होतं तेव्हा. गल्लोगल्ली सायकली, खाणावळी, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. मी मात्र आर्टला. खोलीत सोबत माझी चुलत बहीण होती, ती सायन्सची, सकाळ-संध्याकाळ क्लासला. जो क्लास तिला हवा होता, त्याच्या प्रवेश परीक्षेत ती नापास झाली होती आणि दुसऱ्या क्लासला गेली होती. त्याचा राग ती माझ्या पोळ्यांवर काढायची. "आक्का, आर्टवाल्यांना पोळी गोल करायचं तरी शिकवत्यात का न्हाई?"

कॉलेजच्या गॅदरिंगला मी एका एकांकिकेत म्हातारी झाले. बोलताना मायचा आवाज आपोआप माझ्या तोंडी आला आणि सगळा हॉल गप्प बसला. पुढं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला बक्षीस मिळालं. हे आपल्याला येतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि तिथूनच धाकधूक सुरू झाली. कारण येतं म्हणजे पुढं काय, हे सांगणारं आमच्या घरात, गावात कोणी नव्हतं.

बी.ए.चं दुसरं वर्ष संपलं तेव्हा बसस्टँडवर एक पोस्टर दिसलं. मालिकेसाठी नवीन चेहरे पाहिजेत, अनुभवाची गरज नाही, निवड चाचणी नांदेडला, अमुक लॉजच्या हॉलमध्ये. मी मायला निरोप धाडला. ती लुगडं बदलून दुसऱ्या दिवशी हजर. अहमदपूर, लोहा करत आम्ही एसटीनं नांदेडला गेलो.

हॉलमध्ये गर्दी होती. मुखेडचे, कंधारचे, अर्धापूरचे आईबाप नटलेल्या पोरापोरींना घेऊन बसलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर क्लासच्या ॲडमिशनला असते तशीच काळजी. आत काळा कोट घातलेला एक साहेब होता. त्यानं माझ्या हातात नंबरची पाटी दिली, कॅमेऱ्यासमोर उभं केलं, नाव विचारलं, हसायला लावलं, रडायला लावलं. मिनिटभरात म्हणाला, "बेटा, तुझ्यात आग आहे. सिलेक्ट!"

मी मायकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. पाटीकडं बघत होती. डोळे भरून आले होते तिचे.

मग साहेबानं समजावून सांगितलं. आता त्यांच्याच फोटोग्राफरकडून मोठा फोटोसंच काढायचा, नंतर मुंबईत महिनाभर ट्रेनिंग, मग काम. फोटोंचे आणि ट्रेनिंगचे पैसे पुढच्या रविवारी भरायचे. मुंबईला मुलीनं एकटीनं यायचं, पालक सोबत नकोत, ते असले की पोरं लाजतात. त्यानं रक्कम सांगितली तेव्हा माझे कान तापले. मायनं माझ्या शेवटच्या वर्षासाठी बाजूला ठेवलेलं होतं, जवळपास तेवढंच. फी, खोलीभाडं, खाणावळ, सगळं त्यातच. ते दिलं की बी.ए. संपलं.

परतीच्या गाडीत माय खुशीत होती. "कॉलेज पुढच्या साली करशील. पाटी दिलीय त्यानं."

मला तिला सांगता येईना, की पुढच्या साली कोणी परत कॉलेजात सोडत नाही. आमच्या गावातल्या ज्या पोरी एक साल घरी थांबल्या, त्या कायमच्या थांबल्या. उलटी भीतीही होतीच. नाही म्हटलं आणि हीच एक संधी असली तर? त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. पोळी तोंडात फिरत राहायची.

बहिणीनं दोनतीन दिवस बघितलं आणि पुस्तक मिटून म्हणाली, "काय करायलीस आक्का? सिलेक्शन झालं म्हणून कोणी सुतक पाळतं का?"

मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "नापास कोण झालं?"

"म्हणजे?"

"परीक्षा घेतली ना त्यांनी? मग नापास झालेलं कोण तरी असंल की. मला त्या क्लासनं घेतलं न्हाई, तेव्हा माझ्यासंगं कितीजणी रडत बाहेर आल्या. तुमच्या हॉलमदून रडत कोण आलं?"

मी आठवू लागले. कोणीच आलं नव्हतं. सगळे हसतच बाहेर आले होते.

"तसलेबी क्लास असत्यात इथं," ती म्हणाली. "फी भरली की तू हुशार." आणि परत पुस्तक उघडलं.

तरी खात्री वाटत नव्हती. रविवारी माय पैसे कमरेच्या पिशवीत घालून आली. मी तिला थांबवलं नाही, कारण थांबवायला माझ्याकडं एका बारावीच्या पोरीचा प्रश्न होता फक्त. गाडीत मी मायला म्हटलं, "आधी मी दोनचार माणसांना विचारणार. तोवर पिशवीला हात लावायचा न्हाई." ती फुगली, पण "हाव" म्हणत मान डोलावली.

हॉलबाहेर बाकावर बसून मी शेजारच्यांना विचारत गेले. कंधारच्या पोराचं सिलेक्शन झालेलं. कॅमेऱ्यासमोर त्याला घामच फुटला होता, तोंडातून शब्द निघाला नव्हता. साहेब त्याला म्हणाला, तुझं मौन बोलतं. मुखेडच्या दोघी बहिणी, दोघींचंही सिलेक्शन. मग अर्धापूरच्या एक बाई भेटल्या, केळीची फणी पिशवीत घेऊन आलेल्या, साहेबाला द्यायला.

"तुमच्या मुलीचं कसं झालं?" मी विचारलं.

"पोरगी कुठं आली होती!" त्या कौतुकानं म्हणाल्या. "तापानं फणफणलेली. मी एकटीच आले, फोटो दाखवला. साहेब म्हणले, फोटोतच दिसायलंय, आग हाय पोरीत."

ती आग मला पाठ होती.

आमचा नंबर आला. साहेबानं हसून खुर्ची दिली. मी विचारलं, "सर, ह्या चाचणीत नापास कोण झालं?"

तो हसला. "बेटा, टॅलेंटला नापास नसतं."

"मग फोटोचे पैसे आत्ता नको. काम मिळालं की माझ्या पगारातनं कापून घ्या."

"असं इंडस्ट्रीत चालत नाही." त्याचा आवाज जरा चढला. "बाहेर लाईन बघितली ना? तुम्ही नाही भरले तर तुमची जागा दुसरीला. मग आयुष्यभर रडू नका."

आयुष्यभर हा शब्द मला बरोबर लागला. क्षणभर वाटलं, भरून टाकावेत. मी मायकडं बघितलं. तिचा हात पिशवीवर होता आणि तिथंच थांबला होता. कपाळाला आठी पडली होती.

"साहेब," ती म्हणाली, "एक इचारू का? भूकंपात आमच्या हातात पाटी दिली, फोटो काढला, घर दिलं. त्या माणसानं आमच्याकडून चहाबी घेतला न्हाई. तुमी पाटी देऊन वर पैसे कसे मागायलाव?"

"मावशी, ते सरकारी काम होतं."

"असंल. पण मी घमेली उचलली, तवा ठेकेदारानं मला पैसे दिले. मी त्याला न्हाई दिले." ती उठली. "चल गं."

बाहेर येताना मी अर्धापूरच्या बाईंना म्हटलं, भरू नका. त्या माझ्याकडं अशा बघू लागल्या, जणू मी त्यांच्या पोरीच्या वाईटावर आहे. "तुजं झालं न्हाई वाटतं," त्या म्हणाल्या. आम्ही वाटेला लागलो आणि त्या आत गेल्या. तो चेहरा मला अजून आठवतो.

गाडीत माय झोपली. मी जागीच होते. पैसे वाचले होते आणि तरीही मला वाटत होतं, की मी काहीतरी कायमचं गमावलं. पुढं कितीतरी दिवस टीव्हीवर नवीन चेहरा दिसला की छातीत धस्स व्हायचं, कंधारचा पोरगा तर नाही ना हा? तो कधीच दिसला नाही. एकांकिकेच्या स्पर्धेसाठी परत नांदेडला गेले तेव्हा मुद्दाम त्या लॉजवर गेले. हॉलमध्ये साखरपुडा चालू होता. मॅनेजर म्हणाला, "ते? पैसे भरायचे दिवस संपले त्याच राती गेले. लोक अजून येऊन इचारायलेत." त्या दिवशी मी सुटले. सुटले म्हणताना केळीची फणी डोळ्यासमोर येते, म्हणून आनंद म्हणवत नाही.

आता नाटकात, मालिकेत यायला निघालेली नवीन पोरंपोरी मला विचारतात, खरं-खोटं कसं ओळखायचं? मी सांगते, नापास कोण झालं ते विचारा. काम देणारा तुमच्याकडंच पैसे मागत असेल, त्यांचाच फोटोग्राफर घ्या म्हणत असेल, आईबापाला लांब ठेवत असेल, तर उठून या. घाई करत असेल तर आणखी लवकर उठून या.

त्या वर्षी जूनमध्ये मायनं तीच पिशवी कॉलेजच्या खिडकीत रिकामी केली. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पुढं चाचण्या दिल्या, कितीतरी वेळा नापास झाले, आणि एका मालिकेत म्हातारीचं छोटं काम मिळालं. त्याचे पैसे त्यांनी मला दिले.