बोडकी बाजू

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. आधी आई सांगायची, मग नवरा सांगायचा, शाळेतली पोरं माझ्या माघारी एकमेकांना सांगायची. तीस वर्षं मास्तरकी केली, हजारभर पोरांना शिस्त लावली, स्वतःच्या जिभेला मात्र लावता आली नाही. ते आता कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

युसूफ वडगावात आमचं घर आहे. अंगणात कडूलिंबाचं झाड आहे, आमच्याकडं त्याला नुसतं लिंब म्हणतात. त्याचा निम्मा पसारा भिंतीपलीकडं शेजारणीच्या अंगणात गेला होता. शेजारीण आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. यंदा नवरा एकटाच गेला, कारण सासऱ्यांना लकवा मारला होता. ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचे. दिवस वर आला की ती त्यांची बाज ओढून लिंबाखाली आणायची. तिचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. दुपारी आत माणूस भाजून निघतं. मामांचा सगळा दिवस त्या सावलीत जायचा आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायला मला जागाच नाही.

फाल्गुनात लिंबाची पानगळ लागली. तिच्या पाण्याच्या टाकीत पाला पडला. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यात भरलेली टाकी नासली म्हणजे कुणाचंही डोकं फिरणारच. ती दारात आली आणि गल्लीतल्या चार बायांसमोर म्हणाली, "बाई, झाड लावायचं कळतं तुमाला, पाला झाडायचं कळत न्हाई व्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला, मास्तरीणबाईला, चारचौघींत बोलते! झाडं छाटून देणाऱ्या एका माणसाचा नंबर विजेच्या खांबावर चिकटवलेला होता. तिची पाठ वळायच्या आत मी त्याला फोन लावला.

तो पाटोद्याकडचा होता. आधी ऊस तोडायचा, आता करवतीची मशीन, दोर आणि कमरेचा पट्टा घेऊन गावोगाव फिरायचा. मी सकाळी लवकर ये म्हटलं होतं, हा बाबा आला भर दुपारी. मी तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, "सकाळच्याला सावली लांबडी पडती बाई, फांद्यांचा अंदाज चुकतो. आमी दुपारचीच बघतो." मग हातातल्या काठीनं त्यानं सावलीच्या कडेकडेनं मातीत रेघ ओढायला सुरुवात केली. आमच्या अंगणात रेघ झाली, मग शेजारणीला विचारून तो पलीकडं गेला आणि तिथंही ओढली. ती रेघ मामांच्या बाजेला वळसा घालून परत भिंतीला आली.

"नुसतं इरळ करायचं, थोड्या फांद्या काढून, का पार बोडकं?" त्यानं परत येऊन विचारलं.

"तिकडची बाजू पार बोडकी कर."

"बाजंवर म्हातारं माणूस हाय तिकडं. एवढी एक मोठी फांदी ठेवू का? बोडकं केलं तर दोन उन्हाळे तिथं सावली यायची न्हाई."

असं सरळ, स्पष्ट सांगितलं त्यानं. आणि मी काय म्हणावं? "झाड माझं आहे का तुझं?"

 त्यानं पट्टा बांधला आणि तो वर चढला. मशीनच्या आवाजानं शेजारीण भिंतीपाशी धावत आली. "बाई, अवो पाला झाडा म्हणलं होतं मी! फांद्या कावून तोडायल्यात?"

"आता पडतं का बघ एक तरी पान. ठेव टाकी स्वच्छ," मी म्हणाले. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटत होतं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाज तिनं घाईघाईनं दाराशी ओढली होती. तिथून मामा वर बघत होते. लकव्यानं बोलणं जड झालेलं, तरी ते ओरडून म्हणाले, "सांभाळून रं लेकरा, पाय निसटंल." त्यांची सावली तोडणाऱ्याची त्यांना काळजी.

चैत्र लागला आणि ऊन पेटलं. शेजारणीनं चार बांबूंवर जुनं लुगडं ताणलं, ते दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं फाटलं. बाज कधी भिंतीच्या कडेला, कधी खोलीत, अशी दिवसभर इकडून तिकडं ओढल्याचा आवाज यायचा. मी इकडं कूलर लावून पडलेली असायचे आणि तो आवाज कानात घुसायचा. पहिले काही दिवस मी स्वतःला सांगितलं, पाला नको होता ना तिला, मग भोग. पण ते काही मनाला पटेना. शेवटी त्या छाटणाऱ्यालाच फोन केला आणि काही करता येतं का विचारलं.

"तोडलेलं जोडायची मशीन न्हाई बाई आपल्याकडं," तो म्हणाला. रागानं नाही, आपलं जसं आहे तसं सांगितलं.

मग केजहून हिरवी जाळी आणली आणि ती घेऊन शेजारणीच्या दारात गेले. वाटलं होतं ती दार लावून घेईल, चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं. तिनं जाळीचं एक टोक धरलं आणि बांधू लागली. बांधता बांधता म्हणाली, "मामा जेवंना झालेत बाई."

"का गं? दुखतंय काही?"

"लकवा झाल्यापून त्यांना घड्याळाचं कळत न्हाई. सावलीची कड बाजंच्या पायाला लागली की म्हणायचे, सूनबाई, वाढ. आता ती येतच न्हाई, तर म्हणत्यात, अजून येळ झाली न्हाई. सांजच्याला कसेतरी दोन घास जात्यात."

 जाळी बांधून झाली, सगळ्या बाजेवर हिरवी सावली पडली. मी तिच्या हातातली ताटली घेतली, दुधात भाकरी कुस्करलेली होती, आणि मामांच्या उशाशी बसले. घास पुढं केला. "मामा, आली बघा सावली. जेवा आता."

त्यांनी पांघरुणावर पडलेल्या सावलीकडं बराच वेळ निरखून पाहिलं. त्यावरून आपला धड असलेला हात फिरवला.

"ही न्हाई बाई," ते म्हणाले. "ही हालत न्हाई."

 त्यांनी भिंतीवरून वर बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या लिंबाला बरं न्हाई का?"

मी तोडलं म्हणून सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. ज्या जिभेनं आजवर कुणाचीही भीड ठेवली नाही, ती तेव्हाच नेमकी टाळ्याला चिकटली. मी नुसती हो म्हणून मान हलवली.

"मग बरं होऊ द्या त्याला," मामा म्हणाले. "मला काय घाई न्हाई." आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.