बायजाबाईची पुसायची भिंत

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात केसरीनाथचा बंगला झाला त्याच साली त्याच्या बायकोचे, बायजाबाईचे हात बिघडले. बिघडले म्हंजे लुळे पडले न्हाईत. उलटंच झालं, ते थांबेनात.

केसरीनाथची भाताची खाचरं खाडीच्या अंगाला. गोडाऊनवाले आले, खाचरांत मुरूम पडला, मुरमावर ही लांबच्या लांब पत्र्याची गोडाऊनं उभी रायली, आन केसरीनाथनं गुळगुळीत फरशीचा बंगला बांधला. जलमभर आवनी, निंदनी, कापनी करनारी बाई फरशीवर येऊन बसली. फरशीला सारवायचं न्हाय, सुपात पाखडायचं न्हाय. सून रुचिका भिवंडी बाजारातली, चटपटीत पोरगी, ती सासूला भांडं उचलू देईना. मंग हातांनी करायचं काय?

हात आपले चालूच. खाली बसली की बोटं मांडीवर आवनी करायची. चिमटीत रोप धरल्यासारखं करायचं, दाबायचं, पुढं सरकायचं. मांडी संपली की दुसरी मांडी. ती उठायची, फाटकापाशी जायची, कंटेनर जातायत ते बघायची, परत आत, परत फाटक. भाताला उलथनं लावलं की त्याचा लगदा होईपर्यंत हलवायची. एका दुपारी बैठकीच्या खोलीतला नवा पडदा दोरा दोरा करून उसवला.

केसरीनाथ जेवायला आला, पडदा बघितला. "उंदीर शिरला काय गो घरात?"

"उंदीर न्हाय, मीच शिरलेय," बायजाबाई म्हनाली.

निजामपुऱ्याला एक डाक्टर होता, रुचिका तिला रिक्षातनं घेऊन गेली. आजूबाजूला सगळे कापडाचे लूम, खडाक खडाक खडाक, भिंतीसुद्दा हलतायत. बाकावर बसल्या बसल्या बायजाबाईच्या बोटांनी लूमचा ठेका धरला. डाक्टर म्हनाला, नसांचं हाय, डोकं शांत ठेवा. गोळीनं झोप लागली खरी, पन झोपेतबी हात गोधडीवर चालायचे. उठली की थकलेली. तिला आपली भीती वाटाय लागली. हे हात आता आपले न्हाईत, ते कायबी करतील, उद्या चुलीत जातील न्हायतर कोनाच्या तोंडावर बसतील. बोलली मात्र कोनालाच न्हाय.

मंग बोअरची गाडी आली. बंगल्याच्या मागल्या अंगाला बोअर मारताना खालचा करडा गाळ असा उसळला की गुलाबी रंग दिलेली कंपाउंडची भिंत मानसाच्या उंचीपर्यंत भरून गेली. केसरीनाथ कपाळाला हात लावून आत गेला. बायजाबाई पोतेरं घेऊन धावली. तिला काम मिळालं ना!

"अम्मा, हटो, और उड़ेगा!" बोअरवाला वरडला.

ती कुठची हटते. पोतेरं भिंतीला लावायच्या आधी नुसता तळवा लागला, आन सरकला. गाळ थंड, लोन्यासारखा. तो वास तिच्या नाकात भरला, खाचरात गुडघाभर उतरल्यावर येतो तो. हात वर गेला, वळला, खाली आला. दुसरा हात त्याच्या मागनं. ती बघत रायली. आपन करतोय असं तिला वाटंना. वाकलेलं गवत आलं, पान्याची वळनं आली, चिंबोरी खेकड्याच्या पायांच्या रेघा आल्या, आन काय काय आलं त्याला नाव न्हाय. बोअरवाला मशीन बंद करून बिडी ओढत बघत बसला. भिंत भरली तवा बायजाबाई थांबली. हात खाली लोंबत होते, गप. तिनं तिथंच पायरीवर बसून चहा प्याला, आन कप रिकामा होईपर्यंत बोट हाललं न्हाय.

रुचिकानं दारातनं बघितलं, आन रिकामा कप उचलून आत गेली. पोरीला अक्कल होती.

पन सकाळी हात परत सुरू. बायजाबाईनं चित्राकडं बघितलं, त्यात काय उरलं न्हवतं, कालचं ते काल झालं. तिनं बादलीभर पानी मारलं, पोतेऱ्यानं भिंत पुसली, आन परत गाळ घेतला. तिथनं ते रोजचं झालं. आधी खाडीच्या बांधावर जायचं. तिवरांच्या मुळांत पानी कसं शिरतं, बगळा पाय कसा उचलतो, डोळे वर काढलेली निवटी मासळी चिखलात कशी उडी मारते, ते बघायचं. नुसतं बघायचं, ध्यानात ठेवायचं न्हाय. घरी येऊन गाळात हात घालायचे, डोळे मिटायचे, आन सोडून द्यायचं. गाळाला तांदळाचं पीठ मिळालं, गेरू मिळाला, हळद मिळाली, चुलीची काजळी मिळाली. ब्रश न्हाय, बोटंच.

"आई, आधी ठरवता का काय काढायचं?" रुचिकानं एकदा विचारलं.

"ठरवलं का हात आडतो."

"मग कोण सांगतं हाताला?"

"असतं कोन तरी तिथं. देव हाय का वारा हाय, मी कधी विचारलं न्हाय. विचारलं आन उठून गेलं तर?"

काढून हात निवायचे आन पुसून जीव निवायचा. पुसायच्या येळी ती देवाचं नाव घ्यायची, चित्र काढताना न्हाय. पुसल्यावर भिंत कोरी, ही पन कोरी. केसरीनाथ आधी बाहेरच्यांना सांगायचा, "बायको भिंत धुते." लाज वाटायची त्याला. पन घरात पडदे उसवायचे बंद झाले, भाताचा लगदा व्हायचा बंद झाला, तो कशाला बोलतोय.

आता शेजारची रंगूबाई. हिच्या तोंडाला कुलूप न्हाय आन घराला कडी न्हाय, दिवसभर गावात. एका सकाळी कढीपत्ता मागायला मागल्या दारी आली. त्या दिवशी भिंतीवर करड्या चिखलात दोन डोळे आले होते, मोठे, वर आलेले, पिठानं पांढरे. त्यांच्याभवती गेरूची वळनं. रंगूबाई थबकली. कढीपत्ता राह्यला बाजूला.

"अगो बायजे! गावदेवी!"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? ही काय, भिंतीवर! बघतेय माझ्याकडं!"

"बघू दे तिला. अगो, ते निवटीचे डोळे असतील, सकाळी बांधावर लय निवट्या उड्या मारत होत्या."

"मंग देवी निवटीच्या रूपानं आली! तिला काय बंदी हाय काय?" रंगूबाईनं कमरेची चंची सोडली, हळदकुंकू काढलं, आन बायजाबाई "अगो थांब, थांब" म्हनेपर्यंत दोन डोळ्यांच्या मधोमध टिळा लावून, पदर पसरून, डोकं टेकवून मोकळी झाली.

तिथंच सगळं अडलं. हळदकुंकू लागलं की ते चित्र रायलं न्हाय. ते पोतेऱ्यानं कसं पुसायचं? रंगूबाई म्हनते म्हनून न्हाय, बायजाबाईला आपल्यालाच ते पटत न्हवतं. ती पन याच गावची, गावदेवीच्या पाया पडत वाढलेली. दुसऱ्या सकाळी पान्याची बादली घेऊन ती भिंतीसमोर उभी रायली आन बादली तशीच खाली ठेवली.

दुपारपर्यंत अख्खं पूर्णा मागल्या अंगनात. शुक्रवारी तर नारळांचा ढीग. कुनाचं पोर रातचं दचकतं, कुनाच्या सुनेला दिवस जात न्हाईत. दापोड्याहून रिक्षा करून बाया आल्या. बायजाबाईच्या पाया पडाय लागल्या, ती पाय मागं घ्यायची, तर म्हनायच्या, "बघा, अंगात यायला लागलं!" एकीनं तिच्या हाताची बोटं धरून आपल्या डोक्यावर फिरवली. बोटं तेवढ्यात केसांत आवनी करून मोकळी झाली.

कारन हात परत सुरू झाले होते. पयल्यापेक्षा वाईट. तिनं पुढल्या भिंतीवर गाळ लावून बघितला, तर आंघोळ करून येईपर्यंत तिथंबी कुंकू. न्हानीच्या भिंतीवर काढलं, रंगूबाईनं तिथंसुद्दा उदबत्ती खोचली. रुचिकानं कागद आनून दिले. कागदावर हात दोन येळा फिरला की फाटून जायचा. बायजाबाई म्हनाली, "बाय, हा रुमाल हाय, मना चादर पायजे." रुचिका हसली, पन सासूचे हात बघून तिचं हसू गेलं. वाटीतनं आमटी ताटाबाहेर सांडत होती. पदराची कड चघळल्यासारखी दोरे दोरे झाली होती. बायजाबाई बांधावर जायची, बघायची, परत यायची, आन ते बघितलेलं आत साठून रायचं. जायला वाट न्हाय. छातीत कोनी पाखरं कोंडून ठेवल्यागत. बसवंना, निजवंना, बोलायला गेली तर रडू येई.

केसरीनाथ मात्र खूश. भिंतीवर पत्र्याचं छप्पर टाकलं, आन एक दिवस जेवताना म्हनाला, "गवरीगणपती उरकले का काचवाला येतोय. पुढनं काच बसवू, म्हंजे पावसानं कधी जायचं न्हाय."

"काच नको," बायजाबाई म्हनाली.

"का नको? तुझीच देवी ना?"

"तिला पुसाय पायजे."

"येडी हायस काय? देवी पुसतात?"

तिचे हात तेवढे पाटावर सरकत होते.

गवरी आल्या, जेवल्या. आपल्यात गवरीला गोड घालून भागत न्हाय, तिला चिंबोऱ्यांचं कालवन लागतं. तिसऱ्या दिवशी बाया गवर डोक्यावर घेऊन खाडीवर निघाल्या. बायजाबाई पन त्यांच्यात. रंगूबाईनं आपली गवर पान्यात सोडली आन डोळ्याला पदर लावून म्हनाली, "गेली गो माझी माहेरवाशीन. जायलाच पायजे. ठेवून घेतली तर सासरचे काय म्हनतील?"

बायजाबाईनं ते ऐकलं आन पान्यातनं तशीच, वल्या लुगड्यानं, घराकडं सुटली. मागनं बाया वरडतायत, "अगो प्रसाद तरी घे!" कोन ऐकतंय.

घरात आदल्या दिवशीच्या चार चिंबोऱ्या टोपलीत जित्या होत्या. रुचिकाला म्हनाली, "वाटन काढ." दोघींनी कालवन केलं, तांदळाची भाकरी केली. केळीच्या पानावर वाढून बायजाबाई मागल्या अंगनात गेली, पान भिंतीसमोर ठेवलं, बाजूला पान्याची बादली. तवर बाया खाडीवरनं परतल्या होत्या. रंगूबाई पुढं.

"ह्ये काय चाललंय?"

"हिची पाठवनी."

"कुनाची?"

"हिचीच. तू आनलीस ना हिला, हळदकुंकू लावून? मंग पाठवायला पन तूच ये. गवर पाठवतंस, गणपती पाठवतंस, आन हिला काचेत कोंडतंस. हिला सासर न्हाय काय?"

रंगूबाईचं तोंड उघडं ते उघडंच. बाया कुजबुजायला लागल्या. कोन म्हनाली, बरोबर बोलते. कोन म्हनाली, कोप होईल, गावावर येईल. केसरीनाथ आवाज ऐकून बाहेर आला.

"बायजे, बादलीला हात लावायचा न्हाय! छप्पर काय गंमत म्हनून टाकलंय?"

"बाबा," रुचिका मधे आली, "छप्पर राहू दे. आईंचे हात बघा."

केसरीनाथनं बघितले. लय दिवसांनी बघितले असतील. बादलीच्या कडेवर बोटं आवनी करत होती, चिमटीत धरायची, दाबायची, सरकायची. याच बाईच्या मागं तो रोपांच्या जुड्या टाकत चालला होता, तरनाताठा असल्यापास्नं. तिच्या हाताचा येग त्याला ठाव होता. हा तो न्हवता. हा पळत सुटलेल्या गुरासारखा होता.

"कधीपास्नं हे?" तो हळू बोलला.

"टिळा लागल्यापास्नं," बायजाबाई म्हनाली. "मना पुसू द्या. न्हायतर मी एक दिवस या हातांनी माझं मलाच उसवीन."

तो बाजूला सरकला, तेवढंच.

रंगूबाईला मात्र राहवंना. ती पुढं झाली, आपल्या हातानं पानातली भाकरी मोडली, कालवनात बुडवली, भिंतीच्या पायाशी ठेवली. कुंकवाला बोट लावलं. मंग पाठ फिरवून उभी रायली. बायजाबाईनं देवाचं नाव घेतलं आन बादली उचलली.

"बायजे!" रंगूबाई पाठ फिरवूनच वरडली. "डोळे शेवटाला पूस गो! जाताना वाट तरी दिसू दे तिला."

बायजाबाईनं ऐकलं. आधी गेरूची वळनं गेली, मंग चिखल, मंग कुंकू, लाल वघळ फरशीपर्यंत आला. डोळे तेवढे रायले, भिंतीवर दोनच. बाया हात जोडून उभ्या. मंग तेबी गेले.

पोतेरं पिळून बायजाबाईनं लगेच गाळाची पाटी पुढं वढली. भिंत निथळत होती.

"अगो, सुकू दे तरी!" रंगूबाई आता वळली होती, डोळे पुशीत. "आन सांगून ठेवते, मी आता हळदकुंकू घरीच ठेवून येनार. पन तू कायतरी बघन्यासारखं काढ. मी रोज येनार हाय, कढीपत्ता असो नसो."

"ये. पन डोकं टेकवायचं न्हाय."

"टेकलं तर?"

"गाळ लागंल कपाळाला," बायजाबाई म्हनाली, आन दोन्ही हात कोपरापर्यंत पाटीत घातले.