आईची हलकी बॅग
नौपाड्यातल्या दुकानात प्रवासाच्या बॅगेसाठी पॅराशूटचं कापड घेतलं. घडी उलगडताच त्याचा रबरासारखा वास आला आणि मला शहाडची आमची खोली आठवली.

मी तेव्हा शाळेत शिकत होते. आई मशीनवर बसलेली. तिने उलट्या बाजूने शिवलेल्या बॅगेच्या उघड्या चेनमधून हात घालून सगळं कापड बाहेर ओढलं, आणि चुरगळलेल्या बोचक्याची एकदम चौकोनी बॅग झाली. मी उचलून पाहिली, वजनच नव्हतं.

"कुणाची गं?"

"माझी. हंपीला जाणारे."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाबरोबर?"

"एकटीच," आईने दाताने दोरा तोडला. "म्हणून तर हलकी शिवली. मलाच उचलायचीय."

बाबांनी बॅग हातात घेतली. मग चेन ओढून बघत म्हणाले, "पट्टा जरा रुंद कर. खांद्याला रुतेल."

ती गेली, आणि उन्हाने रापून, खुशीत परत आली.

तेव्हा मला बॅग सुलटी कशी झाली याचंच नवल वाटलेलं. आता वाटतं, माहेरापलीकडे कुठे न गेलेल्या आईच्या मनात हंपी आलं कुठून? विचारलं की अजूनही हसून म्हणते, "तू जाऊन ये, मग सांगते."