वाढत्या अंगाची सायकल

रागावण्याजोगं जे जे काही या मुंबईत आहे, त्या सगळ्यावर एकट्याने रागावण्याचं काम माझ्या मेहुण्याने जन्मभर बिनपगारी केलं. परवा त्याचं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर मंडळी सुपारी कातरत बसली आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "नाना, तो सायकलच्या दुकानातला किस्सा होऊन जाऊ दे!" मी सांगितला. कित्येक वर्षं सांगतोय, बारीकसारीक हातवाऱ्यांसकट पाठ आहे. मंडळी पोट धरून हसली. माझी मुलगी तेवढी उठून आत गेली. तेव्हापासून मला त्या हसणाऱ्यांचा राग आलेला आहे, आणि त्यांच्याहून जास्त माझा. म्हणून आज तोच किस्सा पुन्हा सांगतो, पण या वेळी संपूर्ण. ज्यांना अर्धाच आवडतो त्यांनी इथेच उठावं.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. उंचीला इतका बेताचा की रेशनच्या दुकानात खिडकीपलीकडच्या माणसाला आधी त्याचा आवाज भेटे, मग बऱ्याच वेळाने टाळू दिसे. पण आवाज असा की खिडकी नसती तरी चाललं असतं. तो आंब्यावर रागवे, आंबेवाल्यावर रागवे, आणि आंबा गोड निघाला तर 'आधी का नाही सांगितलंस?' म्हणून पुन्हा जाऊन रागवे. एकदा मुलुंड स्टेशनवर त्याने वजनाच्या यंत्रात नाणं टाकलं. तिकिटावर वजनाखाली भविष्य छापून आलं, 'तुमचा स्वभाव शांत आहे.' हा तडक स्टेशनमास्तरच्या खोलीत. "यंत्र खोटं बोलतं! स्वभाव चुकवला, मग वजन तरी खरं कशावरून?" मास्तर बिचारा शेवटी स्वतःच्या खिशातलं नाणं द्यायला निघाला, तर त्यावरही हा रागावला. "मी भिकारी आहे का?"

या सगळ्या रागांचं एक मूळ होतं आणि ते मला फार उशिरा कळलं. आपल्या लोकांत मुलाला त्याच्या मापाचं कधी काही घेत नाहीत. सदरा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, चप्पल वाढत्या पायाची. याचं लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत, घरात खाणारी तोंडं भरपूर. बाह्या दुमडून दुमडून खांद्यापाशी वळकट्या व्हायच्या आणि बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला असायचा. "सगळं मोठ्या झालेल्या माझ्यासाठी घेतलं हो, भावोजी," तो म्हणायचा, "आणि तो मोठा झालेला मी आलोच नाही. कपडे वाट बघून फाटले!" आमच्या शेजारच्या बारशाला कुणीतरी तान्ह्या मुलीसाठी चांगला ढगळ, दोनेक वर्षांनी येईल असा फ्रॉक आणला होता. सगळ्या बायका 'किती विचार करून आणलाय' म्हणत असताना हा मधूनच म्हणाला, "छान. मग तोवर पोर काय उघडी ठेवायची?" त्या घरातून आम्हाला पुढे कुठल्याच कार्याचं बोलावणं आलं नाही.

आता माझ्या मुलीबद्दल. ही बुटक्या मामाची भाची, पण कुणावर गेली देव जाणे. सातवीतच उंचीने माझ्या कानापर्यंत पोचली. वर्गात मागच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, आणि शाळेच्या नाटकात दरवर्षी झाड. पहिल्या वर्षी तिने हौसेने फांद्या हलवल्या. नंतर नंतर ती वाकायला लागली. चालताना खांदे पुढे, उभी राहिली की एक गुडघा मोडलेला, कुणी बोलायला आलं की मान खाली. मला वाटलं, पोरीला विनय आलाय. बाप म्हणून माझी नजर एवढीच.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जाड टायरच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकली नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने आणली आणि तो मुलुंडच्या मागच्या टेकडीवर, जंगलाच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने धडधडत जायला लागला. एके दिवशी जेवताना माझी मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, मला तसली सायकल हवी." तिने त्याआधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हटलं, पण मनात माझा हिशेब सुरू झाला होता. पोरगी बांबूसारखी वाढतेय, तेव्हा घ्यायची तर चांगली मोठी घ्यावी, कॉलेजपर्यंत बघायला नको.

हे बोलणं मेहुण्याच्या कानावर गेलं आणि रविवारी सकाळी तो दारात हजर. "मी येणार. तुम्ही त्या पोरीला जहाजावर बसवाल."

घाटकोपरला एक मोठं दुकान होतं. तिथे पोचल्यापासून त्याने जे सुरू केलं तेच मी लोकांना सांगत आलो. टांगलेल्या सायकली खाली काढायला लावल्या. गिअरची सायकल पाहून म्हणाला, "गिअर म्हणजे दुकानदाराच्या पोराची फी. पुढची दाखव!" एकीची घंटा वाजेना, म्हणून तिचा बाजारात जाहीर पंचनामा केला. मी एका सगळ्यांत उंच सायकलीवर हात ठेवून म्हटलं, "ही बघ. वाढत्या अंगाला बरी." झालं! "भावोजी, आजच्या पायाला उद्याची सायकल? पोरगी पेडलपर्यंत पोचायला काय पोस्टाने पाय मागवणार?" मग तो एका लाकडी खोक्यावर चढला, दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून ओरडायला लागला, आणि आम्हाला दुकानातून बाहेर काढण्यात आलं. इथे लोक हसतात. इथे मी थांबतो.

खोक्यावर तो सायकलसाठी चढलाच नव्हता.

त्याआधी दुकानदार माझ्या मुलीकडे खालपासून वरपर्यंत बघून मला म्हणाला होता, "साहेब, सायकल कशाला? हिला शिडी म्हणून वापरा ना, ट्यूबलाइट बदलायला. आणि आत्ताच हा टॉवर झालाय, तर पुढे नवरा काय क्रेनने चढवणार?" दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. आणि मी हसलो. तोंडदेखलं नाही, चांगला दात दाखवून हसलो. दुकानदार भाव थोडा कमी करेल, चारचौघांत खेळीमेळी राहील, असलं काहीतरी डोक्यात असेल. माझी मुलगी तिथेच, माझ्या हाताच्या अंतरावर होती. तिने गुडघा मोडला आणि मान इतकी खाली घातली की मला तिचा भांग दिसला.

मग तो खोक्यावर चढला. "पोरीची माफी माग!" एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा ओरडत होता. दुकानदाराने माफी मागितली नाही, नोकराला सांगून आम्हाला बाहेर घालवलं. फुटपाथवर आल्यावर मला वाटलं, आता माझी पाळी. पण तो ओरडला नाही. इतक्या वर्षांत त्याला हळू आवाजात बोलताना मी तेवढंच ऐकलं. "भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही हसलात."

मी म्हटलं, "अरे, गंमत रे. एवढं काय?"

तो वळला. मुलीचा हात धरून चालायला लागला, मी मागून.

परतीच्या वाटेवर भांडुपला उतरलो, तिथे एक छोटं दुकान उघडं होतं. तिथे भिंतीला एक सायकल टेकून ठेवलेली होती. जाड टायर, सरळ हँडल, गिअर नाही, आणि रंग असा झगझगीत पोपटी की गिऱ्हाईक लांबूनच परत जावं. म्हणूनच ती स्वस्तात मिळत होती. मेहुण्याने ती मधोमध उभी केली आणि मुलीला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, पण नेहमीसारखी मुडपून.

"बाय माझे, सरळ उभी राहा."

"आहे ना मामा, सरळच आहे."

"नाही आहेस. वाकून उभी राहिलीस तर माप चुकेल. माप चुकलं की मला पुन्हा दुकानदाराशी भांडायला लागेल. आणि आज मी दमलोय गो."

ती हसली आणि सरळ झाली. गुडघे, मग पाठ, मग मान. माझी मुलगी एवढी उंच आहे हे मला त्या दिवशी दिसलं. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, दांडीला पुरेशी जागा. मग त्याने सीट वर घ्यायला लावली, पेडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत. हँडल धरून पाठ अवघडते का विचारलं. "नाही मामा." "रंग?" "भयंकर आहे." "रंग मापात बसायचा नसतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाला, "द्या पैसे."

भांडुपहून मुलुंडपर्यंत ती आमच्या पुढे जायची, वळून यायची, पुन्हा जायची. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, आता तू चालव ना!"

"मला येत नाही."

"खोटं!"

"तुझ्या आजोबांनी मला एकदा आणली होती जुनी सायकल. वाढत्या अंगाची," तो म्हणाला. "पाय टेकायचेच नाहीत. पडून पडून सोडून दिली."

दोन वर्षांत ती पोपटी सायकल तिला खरंच लहान झाली. सीटचा दांडा वर घ्यायला जागा उरली नाही. मी लगेच म्हटलं, "सांगत होतो ना, मोठी घ्या!" त्याने विचारलं, "दोन वर्षं चालवली ना तिने? तुमच्या त्या जहाजावर बसली असती का?"  त्या दोन वर्षांत तिची पाठ पुन्हा कधी वाकली नाही, आणि नाटकात झाड व्हायला तिने बाईंना स्वतःच नकार दिला.

सायकल भंगारात द्यायची ठरली, तेव्हा मुलीने तिची सीट पार खाली सरकवली आणि ती ढकलत मामाकडे नेली. तो अर्थातच भडकला. "भाचीचं उतरलेलं मामाने वापरायचं? लोक काय म्हणतील?" पण दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला, आणि खाली वाकून बघायला लागला. पाय टेकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाट्याला अंगाबरोबरची वस्तू आली होती.

टेकडीच्या पायथ्याच्या मैदानावर ती त्याला शिकवायला लागली. मी कडेला एका दगडावर बसून बघत होतो. तो त्या दुकानाबद्दल माझ्याशी परत कधीच बोलला नाही. मी बोलायला हवं होतं. तो असेपर्यंत मात्र मी लोकांना खोक्याची नक्कल करून दाखवत राहिलो, आणि तोही कोपऱ्यात बसून ती ऐकत राहिला. एकदाही त्याने म्हटलं नाही की भावोजी, पुढचं सांगा. सगळ्या जगावर रागावणारा माणूस. माझ्यावर तेवढा रागवायचा राहिला.

पण त्या मैदानावर तो माझ्या पोरीवर ओरडत होता, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ती वाकून सीट धरून त्याच्यामागे पळत होती. सायकल डुगडुगली, सावरली, आणि सरळ निघाली. माझी मुलगी थांबली, ताठ उभी राहिली, दोन्ही हात मोकळे.

"सोडलंस काय गो?" लांबून तो किंचाळला. "सोडलंस तर बघ!"

"नाही मामा," ती जागेवरूनच ओरडली, "धरलंय!"