आकडा कुणाचा?

डॉ. सुलोचना हाळीकर यांची आणि माझी पहिली भेट नांदेडला त्यांच्या दवाखान्यात झाली आणि त्या भेटीत माझी चांगलीच जिरली. मी लातूरचा. डाळ मिलच्या वजनकाट्याला संगणक जोडून देणं हा माझा धंदा. रुग्णानं घरी बीपी मोजलं की तो आकडा आपोआप दवाखान्यातल्या त्याच्या नोंदीत यावा, अशी बाईंची इच्छा होती. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मी मशीन टेबलावर मांडून ऐटीत सांगितलं, सोपं काम आहे. बाईंनी विचारलं, उद्या ही कंपनी बंद पडली तर? रुग्णाच्या मुलानं दुसऱ्याच कंपनीचं मशीन आणलं तर? रुग्ण लातूरच्या डॉक्टरांकडे गेला तर हे आकडे तिथे दिसतील का? मी मशीनसोबतचं माहितीपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "मग सोपं कसं?" एवढंच म्हणून त्यांनी मला चहा पाजला आणि उत्तर घेऊन पुन्हा यायला सांगितलं. मी मुळात तापट माणूस. लातूर येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. पुढच्या आठवड्यात मात्र गेलोच.

उत्तर जगात आधीपासून होतं, मलाच ठाऊक नव्हतं. त्याला खुली मानकं म्हणतात. आकडा कसा लिहायचा, त्याच्यासोबत तारीख, वेळ आणि माणसाची ओळख कशी जोडायची, याचे सगळ्यांनी मान्य केलेले आणि कुणा एकाच्या मालकीचे नसलेले नियम. ते पाळले की मशीन कुणाचंही असो, दवाखाना कुठलाही असो, आकड्याचा अर्थ एकच लागतो. बाईंनी ते सगळं माझ्याकडून समजून घेतलं आणि मग मला बेजार केलं. एकही शॉर्टकट त्यांनी चालू दिला नाही. पण जोडणी झाली आणि घराघरांतून आकडे येऊ लागले.

मुखेडच्या रुक्मिणबाई त्यातल्याच एक. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, म्हणून मुलानं मशीन आणून दिलेलं. एक दिवस त्यांचे आकडे पाहून दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी गोळी वाढवायची तयारी केली, कारण आदल्या दिवशीचा एक आकडा भयंकर वर गेला होता. बाईंनी त्यांना थांबवलं आणि रुक्मिणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "माझं कुठलं त्ये? समद्या गल्लीचं हाय. शेजारीण दारात आली तर तिला न्हाई कसं म्हणावं?"

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मी तर हसलोच. ज्याचं मशीन त्याचाच आकडा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि आमच्याकडे तर शेजारची विळीसुद्धा आपलीच असते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "रुक्मिणबाईंचा नाही, हे कळलं. मग हा आकडा कुणाचा?" रुक्मिणबाईंना ते आठवेना, दिवसभरात कितीतरी जण मशीनचा पट्टा दंडाला लावून गेले होते. बाईंनी बाह्यरुग्ण विभाग सहकाऱ्यांवर सोपवला आणि मला गाडी काढायला सांगितलं.

मुखेडला नेमका आठवडी बाजार. अर्धी गल्ली बाजारात. बाई रुक्मिणबाईंच्या ओट्यावर बसल्या आणि पिशव्या घेऊन परतणाऱ्या एकेकाला बोलावून बीपी मोजू लागल्या. कुणाचा आकडा थोडा चढा, कुणाचा ठीक. तेवढा कुणाचाच नव्हता. ऊन उतरलं तसा मी कंटाळलो. मशीनचंच काही चुकलं असेल, चला आता, असं म्हणालो. बाईंनी मला गप्प केलं. "मशीनवर ढकलू नका. आकडा कुणाच्या तरी दंडावर उमटलाय. ते माणूस सापडल्याशिवाय मी उठत नाही."

तेवढ्यात शेजारच्या घरातली शीतल चहा घेऊन आली. पहिलटकरीण, सातवा महिना. धर्माबादहून नुकतीच माहेरी आलेली. बाईंनी चहाकडे पाहिलंच नाही, त्या तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहत होत्या. तू पट्टा लावला होतास का, असं त्यांनी विचारलं. गंमत म्हणून लावला होता, म्हणे. म्हाताऱ्यांचं मशीन, आपल्याला त्यातलं काय कळतंय, म्हणून आकड्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. बाईंनी मोजलं. जवळजवळ तोच आकडा, गरोदरपणात आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतणारा. डोकं दुखतंय का विचारलं तर पोरगी म्हणाली, चार दिवस झाले, प्रवासानं असंल. तिची तपासणीची कागदं सासरीच राहिली होती. बाईंनी तिथेच औषध दिलं, तिला गाडीत घेतलं आणि नांदेडपर्यंत तिचा हात सोडला नाही. इतकी भरधाव गाडी मी पुन्हा कधी चालवलेली नाही. बाळ लवकर झालं, बराच काळ काचेच्या पेटीत राहिलं. पण मायलेकी दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी मी सुचवलं, लोकांना सांगू या, मशीन शेजाऱ्यांना देऊ नका. बाई भडकल्या. दिलं नसतं तर ही पोर हाती लागली असती का, असं त्यांनी विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मिलमध्ये पोतं काट्यावर ठेवताना कुणाचं म्हणून विचारतात ना? मग माणसाला विचारा की." तेव्हापासून आमच्या प्रत्येक मोजणीआधी पडद्यावर प्रश्न येतो, आकडा कुणाचा? उत्तर दिल्याशिवाय पट्टा फुगत नाही, आणि आकडा त्या माणसाच्या संमतीशिवाय कुणाला दिसत नाही. हा दुसरा नियमही बाईंचाच.

पुढे एका कंपनीचे अधिकारी आले. मशीनं आम्ही फुकट देऊ, आकडे मात्र आमच्याच ॲपमध्ये राहतील, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते. तिचे आकडे तिच्यासोबत येणार असतील तर बोला. ते उठून गेले. दवाखान्याचे विश्वस्त नाराज झाले, बाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण त्या तसूभर हलल्या नाहीत. गोळी वाढवायला निघालेल्या त्या तरुण डॉक्टरांना मात्र त्यांनी चारचौघांत एका शब्दानं दुखावलं नाही. उलट गावोगावच्या आरोग्यसेविकांना शिकवायचं काम त्यांच्याच हाती दिलं. आज धर्माबादचे आकडे मुखेडला आणि मुखेडचे लातूरला दिसतात, ते बाईंच्या या हट्टामुळे.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी शीतलच्या दोन ओळी घ्याव्यात म्हणून परवा धर्माबादला गेलो. तिची लेक आता शाळेत जाते. शीतल म्हणाली, "दादा, समद्यांचं बाई बघतेत. बाईंचं कोण बघतंय?"

मी तडक नांदेड गाठलं आणि बाईंसमोर मशीन ठेवलं. मला काय धाड भरलीय, म्हणाल्या. रुग्ण बसलेत, नंतर बघू, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, पोतं काट्यावर आलंय, नाव सांगा. तेव्हा हसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं. आकडा काय आला ते मी इथे लिहिणार नाही. बाईंची तशी संमती नाही. रोज मोजलं की नाही, एवढंच मला दिसावं, इतकी परवानगी मोठ्या मुश्किलीनं मिळाली आहे.

बाई, साठी भरली. आता रोज सकाळी पडदा विचारील आणि तुम्ही तुमचं नाव सांगायचं, शंभरी गाठेपर्यंत. ज्या दिवशी आकडा येणार नाही, त्या दिवशी शीतलला, तिच्या लेकीला आणि मुखेडच्या सगळ्या गल्लीला घेऊन मी तुमच्या ओट्यावर येऊन बसेन. तुम्ही मोजल्याशिवाय आम्हीही उठणार नाही.